निकोलाय वाविलोव

मुलांनो, ज्वारीचा हुरडा तुम्ही खाल्ला असेलच. आज वाशीम जिल्ह्यात जिकडेतिकडे सोयाबीन दिसते, पण तुमच्या आजोबांच्या तरुणपणी येथे ज्वारीची शेते फार होती. गावरान ज्वारीचे कितीतरी वाण असत. एकाचे कणीस घट्ट, दुसऱ्याचे मोकळे. एक हुरड्याला गोड, तर दुसरा भाकरीला चांगला. असा वाण एकदा नाहीसा झाला की परत मिळत नाही. म्हणूनच जगभरची बियाणी गोळा करण्यात वाविलोव यांनी आपले आयुष्य घालवले.

त्यांचा जन्म १८८७ साली मॉस्को शहरात झाला. त्या काळी रशियात वारंवार दुष्काळ पडत. चांगले बियाणे तयार करायचे तर निरनिराळे वाण हाताशी हवेत, हे त्यांनी ओळखले.

१९२४ साली ते अफगाणिस्तानात गेले. तेथे गव्हाला गंदुम म्हणतात. हा शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊक आहे. घोड्यावरून डोंगरदऱ्या ओलांडत ते गावोगाव हिंडले आणि गव्हाचे नाना प्रकार जमवले. पुढे ते इथिओपियालाही गेले. ज्या प्रदेशात पिकाचे सर्वांत जास्त प्रकार, तेथे त्याचे मूळ घर असावे, असा त्यांचा विचार होता. आपल्या ज्वारीचे मूळ घर आफ्रिकाच आहे.

पण बी नुसते डब्यात ठेवून काय उपयोग? ते वेगवेगळ्या हवामानात पेरले जाई. कोणता वाण लवकर पिकतो, कोणता थंडी सोसतो, कोणावर तांबेरा पडत नाही, याची नोंद होई. शेजारच्या अकोल्यातही गावरान वाण जमवून पेरून पाहण्याचे असेच काम चालते. १९४० पर्यंत लेनिनग्राडच्या त्यांच्या संस्थेत सुमारे २,५०,००० नमुने जमले.

त्याच वर्षी त्यांना अटक झाली. लायसेंको नावाच्या माणसाची चुकीची मते सरकारला आवडत होती आणि वाविलोव यांनी ती उघडपणे नाकारली होती. १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला. १९५५ साली सरकारने त्यांना निर्दोष ठरवले.

त्यांच्या अटकेनंतर, १९४१ साली जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा दिला. शहरात अन्न उरले नाही. संस्थेतील लोकांभोवती धान्याच्या राशी होत्या, पण ते बियाणे होते. भाताचा संग्रह सांभाळणारे दमित्री इवानोव भुकेने गेले, तेव्हा भाताच्या हजारो पुड्या जशाच्या तशा होत्या.