दोन हजार लेकरांचा बाप

बॉयलर म्हटलं की आपल्याला जर्नल, सबमिशन आणि वायवा आठवतो. मला मात्र एक पाद्री आठवतो, जॉर्ज म्यूलर. जन्माने जर्मन, पण आयुष्य वेचलं इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, परक्या देशातल्या अनाथ मुलांसाठी. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी ज्यांचं चरित्र वाचून बळ घेतलं, त्यांच्यापैकी हा एक. तेवढ्या धाग्यावरून मी त्याच्या मागे लागलो आणि गुंतत गेलो.

म्यूलरचा जन्म 27 सप्टेंबर 1805 चा, प्रशियातला. वडील सरकारी करवसुली करायचे आणि हे चिरंजीव लहानपणापासून त्याच पैशांवर हात मारायचे! आई मरणाच्या दारात होती त्या रात्री हा पत्ते कुटत बसला होता. सोळाव्या वर्षी हॉटेलचं बिल बुडवलं म्हणून तुरुंगात गेला. अशा पोराचं पुढे काय होणार, हे आपल्या कॉलनीतल्या काकांनी एका मिनिटात सांगितलं असतं.

झालं भलतंच. हाले विद्यापीठात शिकताना, 1825 साली, एका मित्राबरोबर तो घरगुती प्रार्थनासभेला गेला आणि तिथून पार बदलला. त्याच गावात फ्रांके नावाच्या धर्मगुरूने शंभरावर वर्षांपूर्वी उभारलेला मोठा अनाथाश्रम होता. गरीब विद्यार्थ्यांना तिथे फुकट खोली मिळे. म्यूलरही दोन महिने तिथे राहिला. पुढच्या कामाचं बी बहुधा तिथेच पडलं.

1829 मध्ये तो लंडनला आला, 1832 मध्ये ब्रिस्टलला. त्या वर्षी शहरात कॉलरा होता. आईबाप गेलेली मुलं रस्त्यावर, नाहीतर सरकारी वर्कहाऊसमध्ये. म्यूलर यांनी (आता अहो-जाहो करायलाच हवं) मुलांसाठी घर काढायचं ठरवलं. पगार त्यांनी आधीच, 1830 मध्ये सोडला होता आणि कुणापाशी पैसे मागायचे नाहीत, ही शपथ होती. जे मागायचं ते देवाकडे. तरी लोक आले. कुणी ताटल्या दिल्या, कुणी कापड. एका जोडप्याने तर घरातलं सगळं सामान देऊन, एक पैसा पगार न घेता आश्रमात राबायची तयारी दाखवली. एप्रिल 1836 मध्ये विल्सन स्ट्रीटवर भाड्याच्या घरात 30 मुलींची सोय झाली.

घरं वाढत गेली, तशी मुलांच्या दंग्याची शेजाऱ्यांकडून तक्रार आली. त्यात म्यूलर यांना तथ्य वाटलं. त्यांनी शहराबाहेर ॲशली डाऊनला जमीन घेतली. 1849 ते 1870 या काळात तिथे पाच भल्यामोठ्या इमारती उभ्या राहिल्या. एकूण जागा 2,050 मुलांची!

आता बॉयलर. 1857 च्या नोव्हेंबरअखेर पहिल्या इमारतीतला बॉयलर गळू लागला. इमारतीत 300 मुलं. बॉयलर विटांच्या बांधकामात गाडलेला, त्यामुळे विटा फोडल्याशिवाय गळती सापडणार नाही, आणि त्यासाठी आग विझवायला हवी. बाहेर उत्तरेचा बोचरा वारा. म्यूलर यांनी दोन गोष्टी मागितल्या, वारा दक्षिणेचा होऊ दे आणि कामगारांना मनापासून काम करू दे. ठरलेल्या दिवशी वारा खरंच फिरला, असं त्यांनी लिहून ठेवलंय. संध्याकाळी कामगार आपणहून म्हणाले, आम्ही रात्रभर थांबतो. साधारण तीस तासांत बॉयलर पुन्हा भरता आला.

वारा कुणी फिरवला, हे मला सांगता येणार नाही. पण एक दिसतं. प्रार्थना करणाऱ्या या माणसाने मिस्त्री आधीच ठरवला होता आणि आग विझवायचा दिवसही. हिशोबाचंही तसंच. आयुष्यभरात सुमारे 15 लाख पौंड हातातून गेले. प्रत्येक देणगीची पावती, दरवर्षी छापील अहवाल. श्रद्धा होती म्हणून वहीखातं ढिलं नव्हतं.

त्यांच्या एका नियमाशी माझं पटत नाही. आईबाप दोघंही वारलेल्या आणि रीतसर लग्नातून जन्मलेल्या मुलांनाच प्रवेश होता. बाकीच्या लेकरांचा काय गुन्हा? उलट, त्या काळी लोकांची तक्रार वेगळीच होती. गरिबांच्या पोरांना हा माणूस त्यांच्या पायरीपेक्षा जास्त शिकवतो म्हणे! ही तक्रार मला तर शाबासकीच वाटते.

मनात घर करून राहिली ती त्यांची मुलगी, लिडिया. तिने जवळजवळ तीस वर्षं या आश्रमात बिनपगारी काम केलं. सत्तरीनंतर म्यूलर देशोदेशी प्रवचनं देत फिरले. जानेवारी 1890 मध्ये ते आपल्या जबलपूरला असताना लिडिया गेल्याची बातमी त्यांना कळली.

तीस वर्षं! आणि आजकाल सुट्टीत दोन आठवडे परदेशातल्या अनाथाश्रमात जाऊन स्वयंसेवा करायची सोय असते. पोरांना लळा लागतो, फोटो निघतात, ताई-दादा विमानात बसतात. पोरांच्या नशिबी पुन्हा एकदा कुणीतरी सोडून जाणं. मी जाऊ नका म्हणत नाही. पण थोडेच दिवस असतील तर पोरांना जीव लावून मोडण्यापेक्षा तिथलं वायरिंग बघा, पंप दुरुस्त करा, हिशोब कॉम्प्युटरवर चढवून द्या. आपण गेल्यावरही टिकेल असं काम करा. मुलांच्या उशाशी बसायचं तर मुक्कामाला येणारं माणूस हवं.

10 मार्च 1898 ला, वयाच्या 92 व्या वर्षी म्यूलर गेले. तोवर दहा हजारांवर मुलं त्यांच्या छपराखाली वाढली होती. मागे स्वतःची मालमत्ता निघाली जेमतेम 160 पौंडांच्या आसपास.

1958 मध्ये त्या इमारती विकल्या गेल्या आणि संस्थेने मुलांना छोट्या घरांत हलवलं. मग ॲशली डाऊनला काय भरलं असेल, सांगा बघू? टेक्निकल कॉलेज! तेही ब्रुनेल या थोर इंजिनिअरच्या नावाचं. म्हणजे आपलीच जातभाई मंडळी तिथे जर्नल लिहीत बसली होती.