राजा सर टी. माधवराव

शिवाजीनगराहून रेसकोर्स रस्त्याने मॅजेस्टिककडे जाताना आनंदराव सर्कल लागते. हे आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते आणि मराठी होते, हे आम्हा बंगळूरकर मराठी मंडळींपैकी अनेकांना ठाऊक नसते. त्यांचे वडील राजा सर टी. माधवराव यांचे चरित्र तर त्याहूनही स्मरणीय आहे.

शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीतून व्यंकोजीराजे तंजावरला गेले आणि त्यांच्या राज्याच्या आश्रयाने कावेरीकाठी मराठी घराणी रुजली. तशाच एका देशस्थ घराण्यात १८२८ साली कुंभकोणम येथे माधवरावांचा जन्म झाला. मद्रासेस शिक्षण घेऊन १८४९ मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि तिशीच्या आतच, १८५७ मध्ये, त्या संस्थानची सूत्रे त्यांच्या हाती आली.

खजिना रिता होता, पगार थकले होते, डोक्यावर कर्ज होते. माधवरावांनी मिरी व तंबाखूचे सरकारी मक्ते मोडले, कर्ज फेडले, रस्ते व शाळा वाढविल्या. १८६५ मध्ये सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकीहक्क मिळाला. नाडार स्त्रियांना अंग झाकण्याची मुभा मात्र १८५९ मध्ये मद्रास सरकारच्या दडपणानंतरच, आणि तीही अटींसह, मिळाली. त्या वेळी दिवाणांनी रूढीचीच बाजू राखली, ही उणीव आम्ही झाकू इच्छित नाही.

महाराजांशी मतभेद होताच १८७२ मध्ये त्यांनी पद सोडले. पुढे इंदुरास तुकोजीराव होळकरांची दिवाणगिरी केली. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि विस्कटलेले बडोदे माधवरावांकडे आले. कवळाण्याहून आणलेले सयाजीराव तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांच्या अज्ञानकाळात माधवरावांनी न्याय, वसुली व शिक्षण यांची घडी बसविली, १८८१ च्या अखेरीस राज्य तरुण राजाच्या स्वाधीन केले आणि पुढील वर्षी ते बडोद्याहून निघाले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. १८९१ मध्ये मद्रासेस त्यांचे निधन झाले.

तिन्ही ठिकाणी राज्य दुसऱ्याचे होते. माधवरावांची होती ती केवळ जबाबदारी. परक्या मुलखात आयुष्य काढणाऱ्या आम्हांस हेच अधिक जवळचे वाटते. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे आणि त्या चौकाला लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात. बंगळुरात मुलाचे नाव, केरळात वडिलांचा पुतळा: मायभूमीपासून दूर राहूनही मराठी माणसाने केलेल्या कामाची ही खूण होय.