कोलंबाचा चेला

माल्कम नावाचा संत नाही. कॅथलिक कॅलेंडर पहिल्या जानेवारीपासून शेवटपर्यंत चाळून बघा, सापडणार नाही. मी चाळलंय, कारण हे नाव माझंच आहे. आमच्या वसईकडे ज्याचा त्याचा संत ठरलेला असतो. अँथनीचा १३ जून, फ्रान्सिस झेवियरचा ३ डिसेंबर. माझी तारीख रिकामी. मग ‘मॅकबेथ’ वाचताना खून झालेल्या डंकन राजाचा मुलगा माल्कम भेटला आणि कळलं की नाव मुळात इंग्रजी नाहीच. ते गेलिक आहे, म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं.

मूळ रूप ‘मेल कोलम’. मेल म्हणजे मुंडन केलेला, म्हणजे डोकं भादरून कुणाचा तरी चेला झालेला. कोलम म्हणजे संत कोलंबा. रामदास, येसूदास, तसा हा कोलंबदास. कोलंबा या शब्दाचा लॅटिनमध्ये अर्थ कबुतर. पण हे कबुतर काही गरीब नव्हतं. आयर्लंडमध्ये ५२१ साली राजघराण्यात जन्मलेल्या कोलंबांनी म्हणे दुसऱ्याच्या मठातलं स्तोत्रांचं पुस्तक गुपचूप उतरवून घेतलं, त्या प्रतीवरून भांडण पेटलं, आणि भांडणाची लढाई झाली. (झेरॉक्सच्या दुकानात उभं राहणाऱ्या आपल्या पिढीने याची नोंद घ्यावी.) ५६३ साली ते बारा सोबत्यांना घेऊन स्कॉटलंडच्या आयोना बेटावर आले, तिथे मठ उभारला आणि ५९७ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या भक्तीपोटी लोक मुलांना ‘कोलंबाचा चेला’ म्हणू लागले. पुढे या नावाचे चार राजे स्कॉटलंडच्या गादीवर बसले. चेल्याचं नाव राजाचं झालं, मग आडनाव झालं, आणि आडनाव होऊन ते हिंदुस्थानात आलं.

ते घेऊन आला जॉन माल्कम. त्याचा जन्म २ मे १७६९ चा, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरच्या लँगहोमजवळ बर्नफूट नावाच्या शेतघरात. बाप शेतकरी, भावंडं सतरा. एवढी तोंडं म्हटल्यावर मुलांना लवकरच बाहेर काढावं लागणार. जॉनला बाराव्या वर्षी लंडनला कंपनी सरकारच्या साहेबांपुढे उभं केलं. पोर फारच लहान बघून साहेब नाकारण्याच्या बेतात होते. एकाने थट्टेने विचारलं की हैदर अली समोर आला तर काय करशील? पोराने सांगितलं, तलवार काढून मुंडकं उडवीन. नेमणूक झाली! गोष्ट मीठमसाला लावलेली असेलही, पण १७८३ मध्ये तो मद्रासला उतरला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता, हे खरं.

पोरवयात हातात पैसा आला की जे होतं तेच झालं. कर्ज झालं, खायचे वांधे झाले. त्याच्या चरित्रात एक म्हातारी आहे, पलटणीच्या बाजारात दुकान मांडणारी. तिने त्याला उधारीवर शिधा दिला. पुढे मोठा झाल्यावर त्याने तिला पेन्शन बांधून दिली. मला ही म्हातारी त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा महत्त्वाची वाटते. पेन्शनची ही सवय पुढे मराठ्यांच्या इतिहासात फार महागात, किंवा स्वस्तात, पडली. कुणाच्या बाजूने बघता त्यावर आहे.

मग तो फार्सी शिकला आणि त्याचं नशीब उघडलं. १७९९ पासून दहा-अकरा वर्षांत तीनदा इराणच्या दरबारी वकील म्हणून गेला आणि १८१५ मध्ये इराणचा दोन खंडांचा इतिहास छापला. इराणात बटाटा त्यानेच नेला, आणि तिथे बटाट्याला कितीतरी दिवस ‘माल्कमचा आलुबुखार’ म्हणत, असं सांगतात. संताच्या चेल्याचं नाव बटाट्याला! मला मात्र यात अपमान वाटत नाही, माणसाच्या नावाने काहीतरी खाल्लं जावं हे चांगलंच.

आपल्याकडे तो आला तो तहांच्या कामाला. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या शिंद्यांशी झालेल्या तहात त्याचा हात होता. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांविरुद्ध तो प्रत्यक्ष लढला. आणि मग उरला पेशवा.

इथे मला बुऱ्हाणपूरला यावं लागतं. मागच्या सुट्टीत मी तिथे तापीच्या राजघाटावर गेलो होतो. पात्रात दगडी हत्ती आहे, पलीकडे जैनाबाद. त्याच बाजूला मुमताज महलला १६३१ मध्ये आधी दफन केलं होतं, ताजमहाल नंतरचा. नावेवाल्या काकांना मराठी छान येत होतं. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं, तर ते हसून म्हणाले की हे तर इंग्रजाचं नाव, तुम्ही मराठी कसे? आता यावर भर उन्हात काय उत्तर देणार? पण खरं तर ते ज्या गावात उभे होते त्याचं नावही असंच आहे. फारुकी घराण्याच्या नासिर खानाने सन १४०० च्या सुमाराला हे शहर वसवलं आणि खुलताबादच्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव त्याला दिलं. नदीपलीकडचं जैनाबाद शेख जैनुद्दीनच्या नावाचं, तेही खुलताबादचेच. म्हणजे तापीच्या दोन्ही काठांवर संतांची नावं लावलेले चेलेच बसलेत. हे सगळं मला परतीच्या गाडीत सुचलं, काकांना सांगायचं राहिलं.

तर मे १८१८. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळत पळत बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला धुळकोटच्या डोंगरात येऊन थांबला होता. बुऱ्हाणपुरात जनरल डव्हटनची फौज, महूकडून माल्कम, आणि मध्ये शिंद्यांचा अशीरगड, ज्याचा किल्लेदार जसवंतराव लाड आतून बाजीरावाच्या बाजूचा. पावसाळा तोंडावर. बाजीराव गडावर शिरला असता तर कंपनीला तो वेढा जड गेला असता. माल्कमने घाई केली. १ जूनला खेरीला दोघांची भेट झाली. एकमेकांना ते अनोळखी नव्हते, आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये साताऱ्याजवळ माहुलीला भेटले होते, तेव्हा एक पेशवा होता आणि दुसरा पाहुणा. आता अटी अशा होत्या: पुण्याच्या राज्यावरचा स्वतःचा आणि वारसांचा हक्क कायमचा सोडायचा, पुन्हा दक्षिणेत पाऊल टाकायचं नाही, बदल्यात वर्षाला कमीत कमी ८ लाख रुपये, आणि सोबतच्या लोकांची सोय. ३ जूनच्या सकाळी बाजीराव इंग्रजांच्या छावणीत आला. पेशवाई संपली ती पुण्यात नाही, शनिवारवाड्यात तर नाहीच. ती संपली बुऱ्हाणपूरच्या डोंगरात, एका माल्कमपुढे.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ८ लाख फार वाटले. माल्कमचा हिशोब होता की लढाई याहून महाग पडेल. पण बाजीराव विठूरला १८५१ पर्यंत जगला, म्हणजे जवळजवळ ३३ वर्षं, आणि कंपनीला साधारण अडीच कोटींच्या वर मोजावे लागले. त्याच्यामागे ती पेन्शन दत्तक मुलाला, नानासाहेबाला, नाकारली गेली. त्याचं पुढे १८५७ मध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अशीरगडाचा वेढा टळला असंही नाही, १८१९ च्या मार्चमध्ये तो घालावाच लागला आणि ९ एप्रिलला गड पडला. माल्कम तिथेही होता.

मला हा माणूस आवडतो की नाही? वर्गात विचारलं तर पंचाईत होईल. हरलेल्या माणसाशी तो अदबीने वागला, फार्सी शिकला, माळव्यावर मन लावून लिहिलं, हे खरं. पण ही अदबही राज्य घेण्याचंच साधन होती, आणि तलवारीपेक्षा ती जास्त चालली. दुकानवाल्या म्हातारीची पेन्शन आणि पेशव्याची पेन्शन एकाच हाताने लिहिलेल्या असल्या तरी एकीत कृतज्ञता होती, दुसरीत हिशोब.

१८२७ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. तीन वर्षांत बोरघाटातून गाडीरस्ता झाला. आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरचा डोंगर कंपनीने वाईकडच्या खंडाळा गावाच्या बदल्यात घेतला. तिथल्या नव्या वस्तीला मालकमपेठ नाव पडलं. केट्स पॉईंट हा त्याच्या मुलीच्या, केटच्या, नावाचा म्हणतात, पूर्वी त्याला नाकेखिंड म्हणत. १८३० च्या शेवटी तो मायदेशी गेला, थोडे दिवस पार्लमेंटात बसला, आणि ३० मे १८३३ ला लंडनमध्ये गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा पुतळा आहे, तो घडवणाऱ्या चँट्रीनेच केलेला दुसरा आपल्या मुंबईत, एशियाटिकच्या टाऊन हॉलमध्ये.

पण आमच्याकडे हे नाव त्या पुतळ्यावरून आलं, असं मला वाटत नाही. आमच्या जुन्या पिढ्यांत पेद्रू, जुवांव, मिंगेल, दुमिंग होते, पोर्तुगीजांनी दिलेले. मग इंग्रजी शाळा आल्या आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत केविन, ब्रायन, डोनाल्ड, केनेथ, माल्कम दिसू लागले. सगळी गेलिक, आणि सगळ्यांना वाटतं ती इंग्रजी आहेत. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात पाद्रीने संताचंच नाव ठेवायला बघावं असं होतं, १९८३ च्या कायद्यात ते सैल झालं, नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसलं म्हणजे पुरे. माल्कम त्या जुन्या कायद्यातूनही पार झाला असता, कारण नावात संत लपलेला आहेच, फक्त मालकाच्या जागी नाही तर मागे उभ्या असलेल्या नोकराच्या नावात. कोलंबांचा सण ९ जूनला येतो. बाजीराव छावणीत आल्यावर सहा दिवसांनी.