दीपगृहं बांधणाऱ्या घरातल्या मुलाने ‘ट्रेझर आयलंड’ कसं लिहिलं?

समुद्री चाचा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? एका पायाचा खलाशी, त्याच्या खांद्यावर बडबडा पोपट आणि फुली मारलेला पिवळट नकाशा. गंमत म्हणजे हे चित्र इतिहासाने कमी आणि एका गोष्टीच्या पुस्तकाने जास्त दिलेलं आहे. खरे चाचे खजिना पुरून ठेवायच्या भानगडीत फारसे पडत नसत. लूट मिळाली की वाटून घ्यायची आणि पुढच्या बंदरात उडवून टाकायची, असा बहुतेकांचा खाक्या होता.

ते पुस्तक म्हणजे १८८३ साली आलेलं ‘ट्रेझर आयलंड’. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. पण या पुस्तकाच्या मागे आणखी एक गोष्ट आहे. बापाला वाटत होतं मुलाने दीपगृहं बांधावीत, मुलाला लिहायचं होतं. यावरून दोघांमध्ये जवळजवळ दहा वर्षं ताणाताणी चालली होती.

स्टीव्हन्सनचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरातला. आईवडिलांचा एकुलता एक मुलगा. घराण्याचा धंदा एकच, दीपगृहं. आजोबा रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी ‘बेल रॉक’चं दीपगृह उभं केलं. हा खडक किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटर आत आहे आणि भरतीला पूर्ण पाण्याखाली जातो. ओहोटीच्या वेळी तो जेवढा वेळ उघडा पडेल तेवढ्यातच पायाचं काम करायचं आणि पाणी चढायच्या आत पळायचं. १८११ मध्ये तिथे पहिल्यांदा दिवा लागला आणि तो मनोरा आजही उभा आहे. पुढे काका आणि वडील थॉमस यांनीही स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर अशीच दीपगृहं उभारली. अशा घरात मुलाने काय व्हायचं, हे कुणी विचारतही नव्हतं.

पण मुलगा सदा आजारी. छाती अधू, रात्र रात्र खोकला. त्याला सांभाळायला अ‍ॅलिसन कनिंगहॅम नावाची बाई होती, घरातले तिला ‘कमी’ म्हणत. ती रात्रभर त्याच्या उशाशी जागायची आणि गोष्टी सांगायची. गोष्टी कसल्या, तर नरक, सैतान आणि धर्मासाठी छळ सोसून मेलेल्या माणसांच्या. तिच्या मायेबद्दल शंका नाही. त्याने मुलांच्या कवितांचं आपलं पुस्तक पुढे तिलाच अर्पण केलं. पण तापलेल्या अंगाने अंधारात पडलेल्या पोराला सैतान ऐकवायचा म्हणजे कमालच! त्याला भयंकर स्वप्नं पडत. भीती आतून कशी वाटते, ती कोणत्या आवाजाने येते, हे त्याला शिकवावं लागलं नाही.

१८६७ मध्ये वडिलांनी त्याला एडिनबरा विद्यापीठात इंजिनिअरिंगला घातलं. सुट्टीत कामाच्या जागी पाठवलं. उत्तरेकडच्या विक बंदरात लाटा अडवायला भिंत बांधली जात होती, तिथे तो पाणबुड्याचा जड पोशाख चढवून समुद्राच्या तळाशीही उतरला. १८७० मध्ये एरेड नावाच्या छोट्या बेटावर राहिला, कारण तिथल्या दगडाच्या आवारातून एका नव्या दीपगृहाचं काम चालत होतं. मुलगा हिशेब कमी आणि खडक, लाटा, खलाशी जास्त पाहत होता. हेच एरेड पुढे त्याच्या ‘किडनॅप्ड’ कादंबरीत आलं. जहाज बुडाल्यावर त्यातला नायक याच बेटावर अडकतो.

१८७१ मध्ये दीपगृहाच्या उघडझाप करणाऱ्या दिव्यावरच्या निबंधासाठी त्याला रौप्यपदक मिळालं. वडिलांना वाटलं, पोरगा मार्गी लागला. आणि त्याच वर्षी त्याने सांगून टाकलं की हा धंदा आपल्याच्याने होणार नाही, आपल्याला लिहायचं आहे. वडिलांनी तडजोड काढली, निदान वकील तरी हो. तो झालाही, पण वकिली जवळजवळ केलीच नाही. मधल्या काळात, १८७३ मध्ये, त्याने ख्रिस्ती धर्मावर आपली श्रद्धा उरली नसल्याचं कबूल केलं. कडव्या धार्मिक बापाला हा घाव धंदा सोडण्यापेक्षा मोठा होता. घरात महिनोन्‌महिने सुतकी वातावरण होतं.

त्यात भर पडली फॅनी ऑसबर्नची. ती अमेरिकन, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, विवाहित आणि दोन मुलांची आई. १८७९ मध्ये तो घरी न सांगता तिच्यासाठी कॅलिफोर्नियाला निघाला आणि तिथे आजारपण व उपासमारीने मरता मरता वाचला. बातमी कळल्यावर बापाचा राग विरघळला. त्यांनी तार करून वर्षाला २५० पौंड द्यायचं कबूल केलं. फॅनीचा घटस्फोट झाला होता. मे १८८० मध्ये दोघांचं लग्न झालं आणि सगळे स्कॉटलंडला परतले.

आता येतो १८८१ चा ऑगस्ट. ब्रेमार गावातली भाड्याची झोपडीवजा बंगली. बाहेर सतत पाऊस, आत फॅनीचा १३ वर्षांचा मुलगा लॉइड कंटाळलेला. तो रंगपेटी घेऊन चित्रं काढत बसायचा, स्टीव्हन्सनही त्याच्याबरोबर बसे. एके दिवशी त्यातून एका बेटाचा नकाशा तयार झाला. खाड्या, टेकड्या, त्यांची नावं. नकाशाकडे पाहता पाहता झाडांमधून माणसं डोकावू लागली, आणि कागदावर प्रकरणांची यादी उतरली. लॉइडची अट होती की गोष्टीत बायका नकोत. म्हणून पुस्तकात जिमची आई सोडली तर बाईमाणूस जवळपास नाहीच.

रोज सकाळी एक प्रकरण लिहायचं आणि दुपारी जेवणानंतर घरात वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्यांत एक मूल होतं, असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात दोन होती. दुसरं मूल म्हणजे ६३ वर्षांचे थॉमस स्टीव्हन्सन.

हा कडक इंजिनिअर आयुष्यभर रोज रात्री झोप यावी म्हणून मनातल्या मनात स्वतःलाच गोष्टी सांगत असे. गोष्टी जहाजांच्या, रस्त्यालगतच्या खाणावळींच्या, दरोडेखोरांच्या आणि म्हाताऱ्या खलाशांच्या. एकही कधी पुरी झाली नव्हती. आता मुलगा वाचत होता ती अगदी तशीच होती. म्हातारबुवा खेळात उतरले. बिली बोन्स या मेलेल्या खलाशाची पेटी उघडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी दिवसाचा बराच वेळ खर्चून आत काय काय असेल याची यादी करून दिली, आणि मुलाने ती जशीच्या तशी वापरली. फ्लिंट कप्तानाच्या जहाजाचं ‘वॉलरस’ हे नावही त्यांचंच.

१५ दिवसांत १५ प्रकरणं झाली आणि गाडी अडली. उरलेली गोष्ट त्याने हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या दावोसला पूर्ण केली. ‘यंग फोक्स’ या मुलांच्या साप्ताहिकात ती टोपणनावाने क्रमशः आली, पण वाचकांनी फारशी दखल घेतली नाही. पुस्तक निघालं आणि मग मात्र मोठी माणसंही त्यावर तुटून पडली. पुस्तकाच्या वेळी मूळ नकाशा हरवला होता. मग मजकूर वाचून, मोजमापं जुळवून तो वडिलांच्या ऑफिसात पुन्हा काढला गेला. फ्लिंटची खोटी सही खुद्द थॉमसनी ठोकली. दीपगृहांचे आराखडे निघत त्या ऑफिसात चाच्याच्या नकाशाचं हे काम चाललं होतं.

आणि भीती? ती लहानपणच्या अंधारातूनच आली आहे. काठी टकटकवत येणारा आंधळा प्यू आठवा. काठीचा आवाज आधी येतो, माणूस नंतर. किंवा खजिन्याची दिशा दाखवत पडलेला सांगाडा. हा सांगाडा आपण एडगर अ‍ॅलन पोकडून आणि पोपट रॉबिन्सन क्रूसोकडून उचलला, हे स्टीव्हन्सनने स्वतःच मान्य केलं होतं. एका पायाचा जॉन सिल्व्हर त्याला सुचला तो पाय गमावलेल्या विल्यम हेन्ली या कवी मित्रावरून. सिल्व्हरला लाकडी पाय नाही, कुबडी आहे. लाकडी पाय आपण नंतर चिकटवला. मुलांसाठी लिहायचं म्हणून या माणसाला सोज्वळ किंवा नुसता दुष्ट करून टाकलेलं नाही, यातच पुस्तकाचं खरं बळ आहे असं मला वाटतं. जिमला तो आवडतो, आणि तो खुनी आहे हेही जिमला ठाऊक असतं.

वडील १८८७ मध्ये गेले. त्यानंतर स्टीव्हन्सनने ब्रिटन सोडलं आणि तब्येतीसाठी उबदार हवा शोधत तो पॅसिफिक महासागरात शिरला. शेवटी सामोआ बेटांवर घर बांधून राहिला. तिथले लोक त्याला ‘तुसिताला’ म्हणजे गोष्टी सांगणारा म्हणत. ‘द बॉटल इम्प’ ही त्याची जादूची कथा १८९१ मध्ये सामोअन भाषेत छापली गेली. बाटलीतला सैतान मागाल ते देतो, पण मरण्यापूर्वी ती बाटली घेतल्यापेक्षा कमी किमतीला विकली नाही तर नरक ठरलेला. कल्पित कथा हा प्रकार तिथे नवा होता. या माणसाचं एवढं मोठं घर बाटलीमुळेच झालं असणार, असा समज पसरला आणि घरी आलेले पाहुणे ती बाटली बघायला मागू लागले.

३ डिसेंबर १८९४ ला मेंदूत रक्तस्राव होऊन तो वारला, वयाच्या ४४ व्या वर्षी. त्या सकाळीही तो एक कादंबरी लिहीत होता. विषय, कठोर बाप आणि त्याच्याशी न पटणारा मुलगा. ती अर्धीच राहिली. सामोअन माणसांनी रातोरात झाडी तोडून व्हेया डोंगराच्या माथ्यापर्यंत वाट काढली आणि शवपेटी खांद्यावर घेऊन वर चढवली. तिथून खाली समुद्र दिसतो.