शाहू मोडक : नगरच्या मुलाचा पडद्यावरील प्रवास

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही श्रीरामपूर परिसरातील असाल, तर शेजारच्या नेवाशाचा पैस खांब तुमच्या परिचयाचा असेल. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवर भाष्य केले, अशी परंपरा आहे. त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी याच जिल्ह्यातल्या एका नटाने पडद्यावर ज्ञानेश्वर उभे केले. शाहू मोडक हा तो नट. त्यांचा जन्म १९१८ मध्ये अहमदनगर येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला.

ख्रिस्ती घरातील मुलाला हे कसे साधले, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्यासाठी त्या काळचे नगर लक्षात घ्या. १८३१ पासून तेथे अमेरिकन मराठी मिशनचे कार्य चालू होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तेथील ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन रुजवले होते. धर्म बदलला, तरी मराठी भक्तीची भाषा परकी झाली नव्हती.

मोडकांचे पदार्पणही समजून घेण्यासारखे आहे. १९३२ मध्ये मराठी बोलपट सुरू झाला, तेव्हा पार्श्वगायनाची सोय नव्हती. नटाला स्वतःच गावे लागे. म्हणून निर्माते संगीत रंगभूमीवरील अनुभवी नटांकडे वळत. अशा वेळी भालजी पेंढारकरांनी 'श्यामसुंदर' या बोलपटात कृष्णाची भूमिका चौदा वर्षांच्या मोडकांना दिली. राधेच्या भूमिकेत शांता आपटे होत्या. हा बोलपट मुंबईत २५ आठवड्यांहून अधिक काळ चालला. पुढच्याच वर्षी 'आवारा शहजादा'मध्ये मोडकांनी दुहेरी भूमिका केली.

त्यांच्या अभिनयाची खरी कसोटी पुण्याच्या प्रभात कंपनीत लागली. व्ही. शांतारामांच्या 'माणूस' (१९३९) मध्ये ते गणपत नावाचे पोलीस शिपाई झाले. वेश्येवर जीव जडलेला, तिच्याशी संसार मांडू पाहणारा हा साधा मनुष्य त्यांनी भावविवशता टाळून रंगवला. लगेच १९४० मध्ये दामले-फत्तेलाल यांचा 'संत ज्ञानेश्वर' आला. एका वर्षाच्या अंतराने शिपाई आणि संत, दोघेही प्रेक्षकांनी स्वीकारले. 'भरत मिलाप' (१९४२) मध्ये ते भरत झाले.

मात्र या यशाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. प्रेक्षकांना त्यांच्यात वारंवार कृष्णच दिसू लागला आणि पौराणिक चित्रपटांत ती भूमिका त्यांच्याकडे पुनःपुन्हा येत राहिली. 'माणूस'मधील शिपायासारख्या भूमिका त्या मानाने विरळ राहिल्या. ज्या प्रतिमेने त्यांना घराघरांत पोहोचवले, तिनेच त्यांच्या अभिनयाचे क्षेत्र मर्यादित केले. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून एक गोष्ट निश्चित होते. भूमिका नटाला जन्माने मिळत नाही. भाषा, संस्कार आणि साधना यांतून तो ती आपलीशी करतो. मोडकांचा ज्ञानेश्वर हा नगरच्या सामायिक मराठी संस्कृतीचाही आविष्कार आहे.

विचार करा : एखाद्या नटाची लोकप्रिय प्रतिमा त्याच्या कलेला साहाय्यक ठरते की बाधक? तुमच्या परिचयातील एका नटाच्या आधारे दहा ओळींत लिहा.