पंडिता रमाबाई आणि पंथांचा प्रश्न

अर्वाचीन हिंदुस्थानात केवळ विद्वत्तेच्या बळावर पंडितसभेत मान मिळविणाऱ्या स्त्रिया फार थोड्या झाल्या. त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी आहे. विधवांच्या कैवारी, शारदासदनाच्या संस्थापिका म्हणून त्यांचे चरित्र सर्वांस ठाऊक असते. त्यांच्या धर्मांतराविषयीही अनुकूल-प्रतिकूल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु धर्मांतरानंतर त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, त्याकडे फारसे कोणी वळत नाही. ख्रिस्ती व्हावयाचे खरे, पण कोणत्या पंथाचे?

आम्हां गोमंतकीयांस ख्रिस्ती म्हटले की डोळ्यांपुढे इगर्ज आणि पाद्री येतो. रोमन कॅथलिकांखेरीज या धर्मात दुसरेही पंथ आहेत, ही गोष्ट पुष्कळांस शाळा सोडीपर्यंत कळत नाही. युरोपात १५१७ पासून मार्टिन ल्यूथरने पोपच्या अधिकाराला आव्हान दिले आणि त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांत या धर्माच्या अनेक शाखा झाल्या. देव, ख्रिस्त आणि बायबल ही बहुतेकांची समान. भेद पडतो तो मुख्यतः एका जागी, आणि आपल्या शास्त्रकारांचा शब्द वापरावयाचा तर ती जागा प्रमाणाची होय. अखेरचा निर्णय कोणाचा? चर्चच्या परंपरेचा, ग्रंथाचा, की ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा? रमाबाईंना हा प्रश्न नवा नव्हता. तो त्यांच्या घरातच होता.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून उडुपीच्या विद्वानांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. तेथे त्यांनी ग्रंथांतरीची वचने काढून दाखविली आणि स्त्रीने शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही असे सिद्ध केले. पुढे सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. लहानपणापासून कुटुंबाची भ्रमंती सुरू झाली. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असता दुष्काळाने आईवडील व थोरली बहीण यांचा बळी घेतला. उरलेली दोन भावंडे पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रियांचे धर्म सांगण्यासाठी तिने धर्मशास्त्रे बारकाईने वाचली, आणि ज्या ग्रंथांचे प्रमाण देऊन वडील जिंकले होते, त्याच ग्रंथांवरचा तिचा विश्वास त्या वाचनाने डळमळला.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मसमाजी वकिलाशी त्यांनी विवाह केला. सिल्चरच्या घरात पतीच्या पुस्तकांमध्ये लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि तेथेच एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी बायबलची पहिली कथा ऐकली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या व तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. पुण्यात त्यांची गाठ पडली ती मात्र निराळ्या पंथाशी, इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चशी. फादर नेहेमिया गोऱ्हे हे मूळचे नीलकंठशास्त्री, चित्पावन ब्राह्मण. त्यांचा तर्क रमाबाईंच्या ओळखीचा, शास्त्रीय वळणाचा होता. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि पुण्यात ज्यांची शाखा होती त्या वाँटेज येथील भगिनींच्या मठात उतरल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

अँग्लिकन चर्च पोपला मानीत नाही, परंतु बिशपांची परंपरा, प्राचीन मतांगीकार आणि संस्कारविधी यांना मोठे स्थान देते. वाँटेजच्या भगिनी तर या चर्चच्या कॅथलिक वळणाच्या बाजूच्या होत्या. बाप्तिस्म्याच्या पाण्यातच मनुष्याचा पुनर्जन्म होतो आणि चर्च सांगेल ते श्रद्धेने मानावे, ही त्यांची शिकवण. रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा त्यांच्यावर निस्सीम लोभ होता, तरी दोघींत पत्रांमागून पत्रे वादाची जाऊ लागली. रमाबाईंचे म्हणणे असे की बाप्तिस्म्याच्या वेळी आपण प्रेषितांचा मतांगीकार उच्चारला, तेवढ्याने आपण बांधलेल्या आहोत. अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतांगीकारातील पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याचे सूक्ष्म विवेचन आपणास बायबलात दिसत नाही. येशूचा कुमारी मातेपासून जन्म आणि त्याचे सदेह पुनरुत्थान याही बाबतींत त्या शंका विचारीत. मूर्तिपूजा आणि अनेकेश्वरवाद सोडून एका देवाकडे आलेल्या बाईस तीन व्यक्तींचे हे गणित पुन्हा मागे नेणारे वाटावे, यात मला तरी नवल वाटत नाही.

वाद केवळ सिद्धान्ताचा राहिला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना तरुण पुरुषांना शिकविण्याची संधी त्यांना आली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी तिला हरकत घेतली. देशभर पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिलेल्या पंडितेस हे रुचणे शक्य नव्हते. आपल्याला न विचारता आपल्याविषयी दुसऱ्यांनी निर्णय करावा, हे त्यांनी साफ नाकारले. क्रूसावरील लॅटिन अक्षरांनाही त्यांचा आक्षेप होता. हिंदी स्त्रीला जी भाषा परकी ती तिने का मिरवावी, संस्कृत का नसावी, असा त्यांचा सवाल. मांसाहार तर त्यांनी शेवटपर्यंत वर्ज्य केला. जेराल्डिनबाईंना यात अहंकार दिसला. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचे दुःखही खोटे नव्हते. चर्च हे ज्यांचे प्रमाण, त्यांना शिष्येचा प्रत्येक प्रश्न आज्ञाभंगासारखाच भासणार.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय पदवी घेत होत्या. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथे पंथांचे जणू अरण्यच त्यांच्यापुढे आले. राज्याचा आश्रय कोणत्याही एका चर्चला नसल्याने तेथे सर्वच पंथ वाढलेले. काँग्रिगेशनल पंथात प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहते. वर बिशप नाही. बॅप्टिस्ट तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मानीत नाहीत, जाणत्या वयात विश्वास कबूल करून पाण्यात बुडून निघावे लागते. मेथडिस्ट अंतःकरणाच्या पालटावर व आचाराच्या शुद्धतेवर भर देतात. क्वेकर त्याहून पुढे गेलेले. त्यांच्या मूळ पद्धतीच्या सभेत ना पाद्री, ना पाणी, ना प्रभुभोजन, केवळ स्तब्ध बसून आतल्या प्रकाशाची वाट पाहणे. आणि युनिटेरियन त्रैक्यच मानीत नाहीत. ज्यांचा तर्क रमाबाईंच्या शंकांशी सर्वांत जुळे तेच हे. या गोंधळाने त्या प्रथम भांबावल्या, आपल्या देशातील मतमतांतरांची त्यांना आठवण झाली. तथापि त्यांच्या कार्याला हाच गोंधळ उपकारक ठरला. १८८७ मध्ये ‘द हाय कास्ट हिंदू वूमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक गाजले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाले. एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन त्याचे अध्यक्ष. फिलिप्स ब्रूक्स हे एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतील अँग्लिकन शाखेचे. फ्रान्सिस विलर्ड मेथडिस्ट. देवळात एका बाकावर न बसणारी ही मंडळी हिंदी विधवांसाठी एका टेबलाभोवती बसली. संस्थेत धर्माची सक्ती होणार नाही, हे त्यांनी मान्य केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. पुढे १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या मनात दुसरा पालट झाला. विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. कित्येक वर्षे पाद्रीपण करूनही आपला पुनर्जन्म झालेलाच नव्हता, असे या गृहस्थास उमगले होते. वाँटेजच्या शिकवणीप्रमाणे रमाबाई १८८३ सालीच नव्या झाल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या अनुभवाप्रमाणे ख्रिस्ताची भेट त्यांना आठ वर्षांनी झाली. बाप्तिस्मा संस्काराने फळतो की विश्वासाने, हा पंथापंथांतील मोठा वाद त्यांच्या एकट्याच्या आयुष्यात असा दोन तारखांमध्ये मांडलेला दिसतो. त्रैक्याविषयीची शंकाही हळूहळू मावळली, मात्र ती कोणा बिशपाच्या आज्ञेने नव्हे.

या पालटाची किंमत सदनाला द्यावी लागली. रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली येऊन बसत. त्यांच्या मते ही सक्ती नव्हती. पुणेकरांच्या मते हा वचनभंग होता. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून निघाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रकरणात दोन्ही पक्षांस प्रामाणिक म्हणता येईल असे मला वाटते, परंतु ज्या मुलींना घरी परत जावे लागले त्यांचा विचार दोन्हीकडे कमीच झाला.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून उपाशी मुली व स्त्रिया आणून त्यांनी केडगाव येथे मुक्तिसदन वसविले. ते त्यांनी कोणत्याही एका पंथाचे ठाणे होऊ दिले नाही. १९०५ मध्ये तेथील मुलींत प्रार्थनेची मोठी लाट उठली; कोणी रडत, कोणी अनोळखी भाषांत बोलत. अशा अनुभवांवर उभा राहिलेला पेंटेकॉस्टल पंथ त्याच सुमारास जगात आकार घेत होता. मुक्तिसदनातील मिनी अ‍ॅब्रम्स यांनी लिहिलेली हकीकत दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत गेली व १९०९ साली तेथे निघालेल्या पंथास कारण झाली. रमाबाईंनी या अनुभवाचा बचाव केला, पण अनोळखी भाषा बोलणे ही विश्वासाची अट मात्र केली नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हाती घेतलेले काम पाहिले की उडुपीच्या सभेत वचने काढून दाखविणारे अनंतशास्त्री आठवतात. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर आरंभिले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून खेड्यातील बाईस समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती. संस्कृत ज्यांची जणू मातृभाषा, त्या पंडितेने एकेक संस्कृत शब्द वगळून सोपा मराठी शब्द शोधावा, ही गोष्ट लहान नव्हे. बायबल हे प्रमाण असेल तर ते मोट हाकणाऱ्याच्या बायकोलाही कोणाला न विचारता वाचता आले पाहिजे, इतकाच त्यांचा हिशेब होता. १९२१ मध्ये मनोरमा गेली तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या, त्यापूर्वी भाषांतर पुरे झाले होते. १९२४ साली ते बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणे, छपाई, सारे काही केडगावच्या छापखान्यात मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले. त्यांतल्या पुष्कळजणींना अक्षरओळख झाली होती ती तेथेच.