विश्लेषण : वाय-फाय सारखे तुटते, दोष नेमका कुठे? जगदीशचंद्र बोस यांच्या ‘थकणाऱ्या’ रिसीव्हरची गोष्ट

मोबाइल वाय-फायवरून वारंवार बाहेर पडतो. राउटर बंद करून चालू केला की काही वेळ ठीक चालते, मग पुन्हा तोच प्रकार. बिनतारी यंत्रणेचे रिसीव्हर १८९० च्या दशकातही असेच अडून बसत आणि प्रत्येक वेळी त्यांना ठोकून चालू करावे लागे. कोलकात्यातील एका प्राध्यापकाने ठोकत बसण्याऐवजी दोष कुठे आहे हे शोधले. जगदीशचंद्र बोस यांची ती कहाणी आजही उपयोगी का आहे, त्याविषयी...

कोण होते जगदीशचंद्र बोस?

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग (आता बांगलादेश) येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. तरीही मुलाला इंग्रजी शाळेत न घालता त्यांनी आधी बंगाली शाळेत घातले. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांनी त्यांना भौतिकशास्त्राची गोडी लावली. १८८० मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले, पण सततच्या आजारपणामुळे ते सोडावे लागले. मग केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे लॉर्ड रॅले हे त्यांचे शिक्षक होते.

पगाराचा वाद काय होता?

१८८५ मध्ये बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे. बोस यांची नेमणूक हंगामी असल्याने त्यांच्या वाट्याला त्याहूनही कमी रक्कम आली. त्यांनी शिकवणे थांबवले नाही, मात्र पगार घेण्यास नकार दिला. वडिलांच्या फसलेल्या उद्योगांमुळे घरावर कर्ज होते, १८८७ मध्ये अबला यांच्याशी विवाहही झाला होता. तरी तीन वर्षे ते बिनपगारी शिकवत राहिले. अखेर प्रशासनाला नमते घ्यावे लागले आणि मागील थकबाकीसह पूर्ण वेतन मंजूर झाले.

छोट्याशा खोलीत काय घडले?

संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. कॉलेजातील जेमतेम २४ चौरस फुटांची खोली आणि पत्र्याचे काम करणारा एक कारागीर, एवढ्या बळावर १८९४ मध्ये बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरींवर काम सुरू केले. हाइनरिश हर्ट्झ यांनी या लहरींचे अस्तित्व आधीच सिद्ध केले होते, पण त्यांच्या लहरी लांब होत्या. बोस यांनी तरंगलांबी ५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली. आजच्या भाषेत ही सुमारे ६० गिगाहर्ट्झ वारंवारता होते. लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी नरसाळ्यासारखा अँटेना वापरला. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानांमध्ये धातूचा पातळ वर्ख घालून त्यांनी लहरींचे ध्रुवीकरणही करून दाखवले. कोलकात्यातील जाहीर प्रयोगात त्यांनी भिंतींपलीकडे, सुमारे ७५ फुटांवर, तारेविना घंटा वाजवली आणि दारू उडवली.

बिनतारी यंत्रणेचे मूळ दुखणे कोणते?

लहर ओळखण्यासाठी त्या काळी ‘कोहेरर’ वापरत. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असे. एरवी त्यातून वीज जवळपास वाहत नसे, पण लहर येताच कण एकमेकांना चिकटत आणि वीज वाहू लागे. अडचण पुढे होती. चिकटलेले कण आपोआप सुटत नसत, त्यामुळे पुढचा सिग्नल कळत नसे. नळीला ठोका देऊन कण मोकळे करावे लागत आणि त्यासाठी वेगळी यंत्रणाही जोडलेली असे. प्रत्येक सिग्नलनंतर राउटर बंद-चालू करण्यासारखेच हे होते. त्यात बंगालची दमट हवा. कोहेररची संवेदनशीलता कधी कमी, कधी जास्त होई.

बोस यांनी दोष कसा शोधला?

त्यांनी यंत्रणेचे तीन भाग वेगळे तपासले : लहर पाठवणारा भाग, मधला मार्ग आणि लहर पकडणारा भाग. ठिणग्यांमुळे प्रेषकाचा पृष्ठभाग खडबडीत होऊन लहरी अनियमित होत, म्हणून तेथे प्लॅटिनम वापरले. ठिणग्यांची संततधार नको म्हणून कळ दाबल्यावर एकच ठिणगी पडेल अशी सोय केली. भरकटलेल्या लहरींनी मोजमाप बिघडू नये यासाठी प्रेषक धातूच्या पेटीत बंद केला. रिसीव्हरमध्ये किसाऐवजी पोलादी स्प्रिंगा बसवल्या. त्यांच्यावरचा दाब स्क्रूने आणि विजेचा दाब स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येई. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, अशी ही पद्धत होती.

त्यानंतर त्यांनी अनेक धातू तपासले. बहुतेकांचा विद्युतरोध लहर आल्यावर घटत होता, तर पोटॅशियमसारख्या काहींचा वाढत होता. म्हणजे कण चिकटतात हे स्पष्टीकरण पुरेसे नव्हते, धातूच्या पृष्ठभागातच बदल होत असावा. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पाऱ्याचा, ठोका न देता आपोआप पूर्ववत होणारा कोहेरर रॉयल सोसायटीपुढे मांडला.

श्रेय कोणाला मिळाले?

डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडून सिग्नल मिळवला, तेव्हा पाऱ्याचा कोहेरर वापरला होता. त्याचे मूळ बोस यांच्या १८९९ च्या शोधनिबंधात असल्याचे प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियतकालिकात मांडले. बोस यांना शोधांतून पैसा कमावण्यात रस नव्हता. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे त्यांनी अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. गॅलेना स्फटिकावर आधारलेल्या त्या शोधकाला १९०४ मध्ये पेटंट मिळाले, पण त्याचा व्यापारी उपयोग त्यांनी केला नाही.

रिसीव्हर ‘थकतो’ म्हणजे काय?

सतत वापरलेला रिसीव्हर मंदावतो आणि काही काळ विश्रांती दिली की सुधारतो, हे बोस यांच्या लक्षात आले. त्याचा आलेख त्यांना थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखा वाटला. १९०० च्या पॅरिस परिषदेत त्यांनी सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादातील हे साम्य मांडले, १९०२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. लंडनच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कडवा विरोध केला. बोस मागे हटले नाहीत आणि पुढचे आयुष्य त्यांनी वनस्पतींच्या अभ्यासाला दिले. त्यांच्या सर्वच निष्कर्षांना विज्ञानजगताने मान्यता दिली नाही. पण वनस्पतींची सूक्ष्म वाढ मोजणारे त्यांचे क्रेस्कोग्राफ यंत्र गाजले. १९१७ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला, त्याच वर्षी त्यांनी कोलकात्यात बसू विज्ञान मंदिर स्थापन केले. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

आजच्या वाय-फायला ही पद्धत कशी लागू पडते?

पहिला प्रश्न : एकच उपकरण तुटते की सगळी? एकच तुटत असेल, तर त्याची वीज बचतीची सेटिंग, जुने ड्रायव्हर किंवा साठवलेला पासवर्ड तपासावा. सगळी एकदम तुटत असतील, तर राउटर तापतो का, त्याचा अॅडाप्टर सैल आहे का हे पाहावे. राउटर ठरावीक संख्येनेच आयपी पत्ते वाटतो. ते संपले की नवे उपकरण जोडले जात नाही.

दुसरा प्रश्न : ठरावीक जागीच तुटते का? तसे असेल तर दोष मार्गात आहे. काँक्रीट, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट सिग्नल अडवतात. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच काम करतो. या पट्ट्यात १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांवर न चढणारे आहेत. शेजाऱ्यांचे राउटरही त्यांवरच असतील तर गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर रडारचा सिग्नल आढळला की राउटरला चॅनेल सोडावाच लागतो आणि जोडणी तुटते.

वाय-फाय टिकून आहे, पण इंटरनेट नाही, असे असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे. तेथे राउटर बदलून उपयोग नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तुटण्याची वेळ लिहून ठेवावी. राउटर बंद-चालू केल्याने काम सुरू होते, पण दोष कोणता होता हे कळत नाही.

बोस यांचे २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे निधन झाले. त्यांनी ज्या ६० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी हाताळल्या, त्या पट्ट्याचा वापर वाय-फायच्या एका प्रकारात आज होतो.